ठोकळा निवडून आला तेव्हा

२००७ साली अमेरिकेतल्या 'गेमएफएक्यूज'ने व्हिडिओ गेममधल्या सर्वांत आवडत्या पात्रासाठी मतदान घेतलं आणि त्यात चक्क एक ठोकळा निवडून आला. 'टेट्रिस'मध्ये वरून पडणाऱ्या सात आकारांपैकी इंग्रजी 'एल'सारखा दिसणारा तो तुकडा. त्याला चेहरा नाही, नाव नाही, तो बोलत नाही की लढत नाही. पण 'झेल्डा'मधला लिंक आणि 'फायनल फँटसी'मधला क्लाऊड हे आधीच्या स्पर्धांचे विजेते त्याच्यापुढे मागे पडले. मतदारांना गंमत करायची होती आणि त्यांनी ती मन लावून केली.

अशा स्पर्धा बाद पद्धतीने होतात. दोन किंवा चार गेम समोरासमोर येतात, ज्याला जास्त मतं तो पुढच्या फेरीत. कुस्तीच्या फडासारखीच रचना, पण पाठ कोणाची टेकली हे मातीत ठरत नाही, बाहेरचे प्रेक्षक हात वर करून ठरवतात. त्यामुळे निकाल अनेकदा चकित करणारे लागतात. २०१५ साली याच ठिकाणी आजवरचा सर्वोत्तम गेम निवडताना 'अंडरटेल' पहिला आला. तो बाजारात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. तीस-तीस वर्षं खेळले गेलेले गेम तीन महिन्यांच्या पोरासमोर हरले. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या 'बाफ्टा'ने सर्वांत प्रभावशाली गेम कोणता, असं लोकांना विचारलं. 'डूम' आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स' यांना मागे टाकून 'शेनमू' पहिला आला. १९९९ साली आलेला हा जपानी गेम अनेकांनी हातातही धरलेला नाही. पण त्याचे चाहते मोजके असले तरी फार निष्ठावान आहेत, आणि मत द्यायला उठतात ते निष्ठावानच.

हेच मतदान हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीतल्या आजच्या चाळिशीतल्या माणसांमध्ये घेतलं, तर 'शेनमू'ला बहुधा एकही मत मिळणार नाही. नव्वदच्या दशकात, हिंगोली परभणी जिल्ह्यात असतानाच्या काळात, निंटेंडोचा अस्सल यंत्रसंच भारतात क्वचितच दिसे. मिळायची ती त्याची नक्कल. टीव्हीला जोडायचा डबा आणि वर खोचायची कॅसेट. कॅसेटवर '९९९ इन १' असं ठळक छापलेलं असे आणि आत दहा-पंधरा गेमच नावं बदलून पुन्हा पुन्हा भेटत. त्यातले 'कॉन्ट्रा', 'मारिओ' आणि रणगाड्यांचा तो 'टँक', ज्याचं खरं नाव 'बॅटल सिटी' होतं हे पुष्कळांना अजून ठाऊक नाही. मत यांनाच पडणार. ते जगातले सर्वोत्तम गेम आहेत म्हणून नव्हे, ते त्या कॅसेटवर होते म्हणून. आज बारा वर्षांच्या मुलाला विचारलं तर तो मोबाइलवरचंच नाव सांगेल, आणि त्याच्या वडिलांना ते नाव ऐकूनच राग येईल.

याला मेंदूतलं एक कारण आहे. मध्यम किंवा उतारवयातल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. त्या वयात ऐकलेली गाणी, पाहिलेले सिनेमे आणि खेळलेले खेळ मनात खोल रुतून बसतात. शिवाय वारंवार समोर आलेली गोष्ट केवळ ओळखीमुळेही आवडू लागते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ सालीच दाखवून दिलं. गतकाळाच्या या ओढीला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दिलं, आणि तेही आजाराचं नाव म्हणून. घरापासून दूर असलेले तरुण झुरून आजारी पडतात, असं त्याचं निरीक्षण होतं. आज कोणी याला आजार मानत नाही. तेव्हा आपल्या लहानपणाला मत देणाऱ्यावर रागावण्याचं कारण नाही. घोटाळा होतो तो त्या मताकडून भलत्याच प्रश्नाचं उत्तर मागितलं की.

ठोकळा जिंकला त्याच वर्षी, ७ जुलै २००७ रोजी, जगातली नवी सात आश्चर्यं जाहीर झाली. ताजमहालासाठी आपल्याकडे गावोगाव एसएमएस गेले, मत देणं हे देशकार्य असल्यासारखं वातावरण होतं, आणि एकाच माणसाला अनेकदा मत देता येत होतं. युनेस्कोने या उपक्रमापासून स्वतःला स्पष्टपणे दूर ठेवलं. ज्यांच्याकडे इंटरनेट आहे त्यांचंच मत यात उमटतं, जगाचं नाही, हा त्यांचा आक्षेप होता. तो रास्त होता. ताजमहाल सुंदर आहेच, पण ते त्या मतदानामुळे सिद्ध झालेलं नाही.

टेट्रिसची गोष्ट मात्र ठोकळ्याच्या विजयापाशी संपली नाही. मॉस्कोत १९८४ साली अलेक्सी पाजितनोव यांनी तयार केलेला हा खेळ पुढे इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या रुग्णालयात पोचला. रस्ते अपघातानंतर तातडीच्या विभागात आलेल्या ७१ रुग्णांवर तिथे एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अपघातानंतर सहा तासांच्या आत काही रुग्णांना आधी अपघात थोडक्यात आठवायला सांगितला आणि मग सुमारे वीस मिनिटं टेट्रिस खेळायला दिला. बाकीच्यांनी तेवढा वेळ, रुग्णालयात आल्यापासून काय काय केलं याची नोंद लिहिली. पुढच्या आठवड्यात अपघाताची दृश्यं नकळत डोळ्यांसमोर येण्याचं प्रमाण खेळणाऱ्यांत ६२ टक्क्यांनी कमी आढळलं. कल्पना अशी की, आकार फिरवून बसवण्यात मेंदूची दृश्यं हाताळणारी यंत्रणा गुंतून राहते आणि अपघाताचं चित्र घट्ट बसायला जागा उरत नाही. ७१ ही संख्या लहान आहे, एवढ्यावर मोबाइल हातात देऊन उपचार झाला असं कोणी समजू नये. महत्त्वाचं वेगळंच आहे. कोणी टेट्रिस खेळायचा हे रुग्णाच्या आवडीवर सोडलं नव्हतं, ते चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबाने ठरलं. दोन्ही गटांतल्या सगळ्यांचा हिशेब ठेवला गेला, बरं वाटलेल्यांचाही आणि न वाटलेल्यांचाही.

गावाकडे औषधांची निवड मात्र अजून गेमच्या स्पर्धेसारखीच होते. पावसाळ्यात हळदीच्या किंवा सोयाबीनच्या शेतात पायाला साप चावतो, आणि गाडी दवाखान्याकडे वळण्याआधी अमुक गावच्या मांत्रिकाकडे वळते. कारण त्याच्याकडून बरे झालेले दहाजण शपथेवर सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष शरीरात जातंच असं नाही. ही माणसं काहीही केलं असतं तरी वाचली असती. ज्यांना घोणस किंवा मण्यार खरोखर विष सोडून गेली ती मत द्यायला मागे राहत नाहीत. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे. यातला मोठा भाग खेड्यांत आणि घरीच. पारावर बसून अनुभव सांगणाऱ्यांत त्यांच्यापैकी कोणी नसतं.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरी आवळून बांधायची नाही; चावलेला पाय न हलवता गाडी काढायची. रुग्णालयात घोणस किंवा फुरशाच्या विषाची शंका असेल तर एक अगदी साधी तपासणी होते. थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि ती वीस मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी हळूच तिरकी करून पाहतात. रक्त गोठलं नसेल तर लस लगेच सुरू होते. गोठलं असलं तरी रुग्णाला घरी पाठवत नाहीत, काही वेळाने तीच तपासणी पुन्हा करतात. मण्यारीचं विष रक्तावर नव्हे, नसांवर चालतं, म्हणून पापण्या जड होतात का, श्वास अडतो का, याकडे रात्रभर लक्ष ठेवावं लागतं.