पुण्याच्या ‘इंडस’चा पुढचा भाग येईल की आहे तोच गेम मोठा होईल?

२ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली आणि एक प्रश्न सगळीकडे विचारला जाऊ लागला: असा गेम आपल्याकडे का बनत नाही? त्याचं एक उत्तर पुण्यातून आलं. सुपरगेमिंग या इथल्याच कंपनीने १६ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘इंडस बॅटल रॉयल’ अँड्रॉइड आणि आयफोनवर आणला. त्याआधीच एक कोटीहून जास्त लोकांनी नावनोंदणी केली होती. आता चर्चा आहे ती पुढे काय, याची.

गेम नेमका काय आहे?

विर्लोक नावाच्या परग्रहावर खेळाडू उतरतात. शेवटी उरेल तो जिंकला, हा नेहमीचा नियम इथेही आहे. पण जिंकायचा दुसरा रस्ताही आहे. ‘कॉस्मियम’ हे दुर्मीळ द्रव्य ताब्यात घेतलं, तर समोर शत्रू जिवंत असतानाही सामना जिंकता येतो. पात्रांची नावंही सर-ताज, मोर-नी अशी, आपल्याकडची.

मग ‘इंडस २’ का नको?

कारण या प्रकारच्या गेमचं खरं भांडवल म्हणजे गर्दी. सामना लगेच सुरू व्हायचा तर एकाच वेळी पुरेसे खेळाडू ऑनलाइन लागतात. दुसरा भाग काढला की ही गर्दी दोन ठिकाणी विभागते. पबजीच्याच कंपनीने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘न्यू स्टेट’ आणला, पण बहुतेक खेळाडू जुन्याच गेमवर राहिले. ‘ओव्हरवॉच २’ साठी तर ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्या भागाचे सर्व्हरच बंद केले गेले.

आहे तोच गेम वाढवत नेण्यातही धोका असतो. ‘डेस्टिनी २’ या अंतराळातल्या शूटर गेममधून २०२० मध्ये जुनी कथानकं काढून टाकण्यात आली. ज्यांनी ती पैसे देऊन घेतली होती, त्यांनाही ती खेळता येईनात.

मग शक्यता कोणती जास्त?

आमच्या मते, नव्या आकड्याऐवजी नवे नकाशे आणि नवी पात्रं. इंडसची घोषणा झाली तेव्हा पीसी आणि कन्सोलचाही उल्लेख होता, त्यामुळे ती वाटही खुली आहे. पण नारायण पेठेतल्या अभ्यासिकेबाहेर चहा घेताना कोणी गेम उघडत असेल, तर तो साध्या अँड्रॉइड फोनवर. ग्राफिक्स भारी आणि फोन तापतोय, असं झालं तर हाच खेळाडू सगळ्यात आधी गेम काढून टाकेल.

याने आपल्याला काय फरक पडतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता मिळाली. म्हणजे आता भारतीय गेम कंपन्यांना कमाई करायची तर चांगले गेम बनवूनच. पुण्यात ॲनिमेशन आणि कोडिंग शिकणाऱ्या मुलांची नोकरी यावर अवलंबून आहे.

म्हणून इंडसची पुढची घोषणा होईल तेव्हा ट्रेलरच्या पलीकडचे दोन प्रश्न विचारा. आपल्या फोनवर तो नीट चालेल का? आणि आज विकत घेतलेलं सामान उद्याही आपलं राहील का?