नोलॉक नावाचा अंगारा

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितोय. आपल्या धंद्यात एक अंगारा फार चालतो. दोन लाख ओळींचा डेटा टेबलात भरायला घेतला आणि सगळ्यांच्या स्क्रीन गोठल्या, की कोणीतरी अनुभवी गृहस्थ येऊन सांगतात, "अरे, सिलेक्टला नोलॉक लाव ना!" लावला की स्क्रीन पळायला लागतात. सगळे खूष. माझं म्हणणं एवढंच, की हा उपाय नव्हे, ही फसवणूक आहे.

आधी टेबल गोठतं का ते बघू. गोष्ट एसक्यूएल सर्व्हरची आहे. प्रत्येक लॉक मेमरी खातो. त्यामुळे एकाच स्टेटमेंटने एका टेबलावर साधारण ५००० लॉक जमवले, की सर्व्हर त्यांच्याऐवजी अख्ख्या टेबलावर एकच लॉक टाकायला बघतो. टेस्टिंगला पाचशे ओळी घालून "सगळं ओक्के" म्हणणाऱ्यांना हे कधी दिसतच नाही! आणि हा काही निसर्गनियम नाही बरं का. ओरॅकल आणि पोस्टग्रेस ओळींचे लॉक असे वाढवत नाहीत.

आता नोलॉक काय करतो? कमिट न झालेल्या ओळी वाचतो. लोड मध्येच फसून रोलबॅक झाला, तर तुमच्या रिपोर्टने कधी अस्तित्वातच नसलेल्या ओळी मोजलेल्या असतात. इतपत बऱ्याच जणांना माहीत असतं. पण वाचन चालू असताना पेज फुटून ओळी हलल्या, तर जुनी, पक्की नोंदसुद्धा दोनदा मोजली जाते किंवा साफ सुटते. एरर वगैरे काही नाही.

"आमचा नुसता डॅशबोर्ड आहे हो, दोन ओळी इकडेतिकडे झाल्या तर काय बिघडलं?" ठीक आहे, अंदाजे आलेखाला चालेल. पण तीच क्वेरी कॉपी-पेस्ट होत होत महिनाअखेरच्या कमिशनच्या रिपोर्टात जाऊन बसते. तिथे एखाद्या सेल्सवाल्याचे पैसे कापले जातात. तो तक्रार करतो, आपण क्वेरी पुन्हा चालवतो, आता आकडा बरोबर येतो, आणि त्यालाच ऐकवतो की साहेब, तुमचाच हिशोब चुकला असेल. राग येतो तो याचा.

बरं, उपाय नाहीत असंही नाही. डेटा आधी वेगळ्या स्टेजिंग टेबलात भरा. तिथे खुशाल टॅबलॉक लावा, कोणाच्या वाटेत येत नाही. तपासा. मग दोन-तीन हजार ओळींच्या तुकड्यांनी मूळ टेबलात सरकवा आणि प्रत्येक तुकडा वेगळा कमिट करा. कुठवर आलो याची नोंद ठेवा, म्हणजे मध्येच बंद पडलं तरी तिथून पुढे जाता येतं. अर्धवट बॅच कोणाला दिसायला नको असेल, तर पूर्ण झालेल्याच बॅच रिपोर्टात घ्या.

आणि वाचणाऱ्यांसाठी रीड कमिटेड स्नॅपशॉट २००५ च्या आवृत्तीपासून आहे! वाचणाऱ्याला शेवटची कमिट झालेली ओळ मिळते, थांबावं लागत नाही. टेम्पडीबीवर भार वाढतो, हे मान्य. दोन लिहिणारे एकमेकांना अडवतातच, हेही मान्य. पण आकडे खोटे येत नाहीत.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की कोडमध्ये नोलॉक शोधा. जिथे जिथे सापडेल तिथे विचारा: हा आकडा चुकला तर कोणाचे पैसे जातील? उत्तरात एकही माणूस आला, तर तो शब्द तिथून काढा.