पहाटेची थंडी आणि जुनी पिकअप

मुदखेड तालुक्याची ओळख फुलांची. गुलाब असो, शेवंती असो की झेंडू, माल पहाटे तोडायचा आणि भाव उतरण्याआधी नांदेडच्या बाजारात पोचवायचा, हा इथला रोजचा नेम. त्यामुळे फजरच्या अजानाबरोबर, कधी त्याही आधी, पिकअप गाड्या बाहेर पडतात. घरातल्या एखाद्या भावाची, मुलाची रोजी त्या गाडीवर चालते. गाडी बहुधा दहा-बारा वर्षांची, तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातातली असते.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली जातो. मग तक्रारी सुरू होतात. दुसरा गिअर पडत नाही. ब्रेक पहिल्या पायात लागत नाही. पाच-सात किलोमीटर गेले की सगळे सुरळीत होते आणि घरी आल्यावर ठरलेले उत्तर मिळते : "थंडी आहे, गरम झाली की ठीक होते." या महिन्यात आम्हाला याच उत्तराबद्दल बोलायचे आहे. गिअरच्या बाबतीत ते अर्धे खरे आहे. ब्रेकच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते.

आधी गिअर पाहू. गिअर बदलताना आतली पितळी रिंग फिरत्या गिअरला धरून त्याचा वेग जुळवते, मग गिअर आवाज न करता बसतो. ही पकड येण्यासाठी मधले ऑईल बाजूला सरावे लागते. नेहमीचे ८०डब्ल्यू-९० गिअर ऑईल शंभर अंशांवर जितके पातळ असते, त्याच्या साधारण दहा पट जाड ते चाळीस अंशांवर असते. दहा अंशांवर तर कितीतरी जास्त. म्हणून पहाटे रिंग घसरते आणि गिअर 'कर्रर्र' करतो. नव्या गाडीतही हे थोडे होतेच.

पण जुन्या गाडीत आणखी एक भानगड असते. गिअरबॉक्सचा आवाज वाढला की विकणारा किंवा एखादा घाईतला मिस्त्री त्यात १४० नंबरचे जाड ऑईल घालून देतो. आवाज दबतो, गाडी विकली जाते. उन्हाळा निघून जातो. थंडीत तेच ऑईल चुगली करते. म्हणून पहिले काम हे की गाडीच्या पुस्तकात कोणते ऑईल सांगितले आहे ते पाहून तेच भरावे. 'जीएल-४' लिहिले असेल तर 'जीएल-५' चालवून घेऊ नये. जास्त दाबासाठी त्यात जे रसायन असते, ते काही प्रकारांत पितळी रिंगा खाते.

ऑईल बदलताना काढलेले ऑईल बोटावर घेऊन उजेडात पाहावे. सोनेरी चमक जास्त दिसली तर रिंगा झिजल्या आहेत. दुधासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. दोन्ही प्रकारांत नुसते नवे ऑईल ओतून भागत नाही.

सगळे ठीक असूनही पहाटे गिअर कडक असेल, तर घाई करू नये. उभ्या गाडीत इंजिन गरम होते, गिअरबॉक्स फारसा होत नाही. तो चालूनच गरम होतो. एक-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवून निघावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश जावे. गिअर अडला तर न्यूट्रलवर क्षणभर थांबून, क्लच पुन्हा दाबून टाकावा. हिसका देऊ नये. पत्र्याच्या बंद शेडमध्ये मात्र गाडी चालू ठेवू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला रंग नसतो, वासही नसतो, आणि शेडला लागून बहुतेकदा झोपायची खोली असते.

आता ब्रेक. पहिल्या पायात पेडल खाली जाते, दुसऱ्या-तिसऱ्या पायात लागते, यात थंडीचा दोष थोडा आणि रबराचा जास्त. मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरमधले रबरी वॉशर जुने झाले की कडक होतात. थंडीत ते आणखी आखडतात आणि दाब धरत नाहीत. गाडी गरम झाल्यावर रबर थोडे सैल पडते, ब्रेक 'सुधारतो', आणि आपण दुरुस्ती पुढे ढकलतो. साठच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. दुसऱ्यांदा पाय मारायला एवढाच वेळ लागला, तरी धुक्यात समोरची उसाची ट्रॉली तितकी जवळ आलेली असते.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढते. डॉट-३ प्रकारचे नवे ऑईल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेले १४० अंशांनाही उकळू शकते. उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ जाते. तोच ओलावा सिलिंडर आतून गंजवतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलून एअर काढून घ्यावी. महिनोन् महिने उघडी पडलेली बाटली वापरू नये. आणि ब्रेकच्या डबीत इंजिन ऑईल किंवा डिझेल एक थेंबही घालू नये. त्याने सगळे वॉशर फुगतात.

आम्ही तीन साध्या तपासण्या सुचवतो. निघण्याआधी उभ्या गाडीत होतात, पैसा लागत नाही.

पहिली : इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा ब्रेक मारा. पेडल कडक झाले की पाय दाबूनच ठेवा आणि गाडी चालू करा. पेडल थोडे खाली बसले पाहिजे. बसले नाही तर बूस्टर, त्याची रबरी नळी किंवा व्हॅक्यूम पंप यांत दोष आहे. अशा गाडीला थांबवायला दुप्पट जोर लागतो.

दुसरी : इंजिन चालू असताना ब्रेक अर्धा मिनिट दाबून धरा. पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर मास्टर सिलिंडर गेला आहे.

तिसरी : चाकांच्या आतल्या बाजूला पाहा. ओल दिसली तर ऑईल गळते आहे. गाडी एका बाजूला ओढते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

यांपैकी काही आढळले तर त्या दिवशी माल दुसऱ्या गाडीने पाठवा. एका खेपेचे भाडे जाईल, इतकेच.

दव पडलेल्या सकाळी ड्रमवर गंजाचा पातळ थर येतो. पहिल्या एक-दोन ब्रेकला चरचर आवाज होऊन तो जातो, त्याची काळजी नको. पण संध्याकाळी गाडी धुऊन लगेच हँडब्रेक ओढून ठेवला, तर सकाळी लायनर ड्रमला चिकटलेला सापडतो. जोराने गाडी ओढली की तो शूपासून सुटतो. धुतल्यावर थोडे चालवून ब्रेक कोरडे करावेत. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.

थंडीचे दिवस म्हणजे लग्नसराईही. पिकअपच्या हौद्यात वीस-पंचवीस माणसे बसवून वरात निघते. गाडीचा वेग चाळीसचा साठ केला की ब्रेकवरचा भार सव्वादोन पट होतो, आणि वजन वाढेल तसा आणखी. शिवाय मालवाहू गाडीत बसवलेल्या वऱ्हाडींची भरपाई देणे विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. अपघात झाला तर तो बोजा गाडीमालकाच्या घरावर येतो. खाला-मामूंना बसने किंवा रेल्वेने आणा.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो. तो कागद तपासणीच्या दिवसापुरता बोलतो. रोजच्या पहाटेची खात्री आपणच करायची. आमच्या बहिणींना एक विनंती आहे. मुलाला किंवा भावाला निरोप देताना डबा घेतला का, शाल घेतली का, हे आपण विचारतोच. त्यात एक प्रश्न वाढवा : "ब्रेक पहिल्या पायात लागतो का?" उत्तरात 'थंडी' हा शब्द आला, तर गाडी आधी मिस्त्रीकडे जाऊ द्या, बाजारात नंतर.