सटवाईचा कोरा कागद

सद्धम्माची दीक्षा घेतलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

तुमच्या घराच्या भिंतीवर आज तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. देव्हाऱ्यातील टाक तुम्ही विसर्जित केले, मुलाचे लग्न त्रिशरण-पंचशीलाने लावले, गावजत्रेची वर्गणी देण्याचे नाकारले. याबद्दल तुमचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच आहे. परंतु आज तुम्हांस एक अप्रिय प्रश्न विचारावयाचा आहे. तुमच्या घरात एक खोली अशी आहे की, जेथे दीक्षा अद्याप पोहोचलेली नाही. ती खोली म्हणजे बाळंतिणीची खोली होय.

मूल जन्मास येते. पाचव्या रात्री, कोठे सहाव्या रात्री, घरातील म्हातारी हळूच पाटा-वरवंटा मांडते, त्यावर हळदकुंकू वाहते आणि शेजारी एक कोरा कागद व लेखणी ठेवते. मध्यरात्री सटवाई येईल आणि बाळाचे नशीब लिहून जाईल, अशी ही समजूत. जयंतीच्या सभेत व्यासपीठावरून इतरांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेणारा घराचा कर्ता पुरुष त्या रात्री ओसरीवर मुकाट्याने बसून राहतो. कोणी विचारलेच तर म्हणतो, "बायकांची रीत आहे, आपण कशाला मध्ये पडा? आणि बावीस प्रतिज्ञांत सटवाईचे नाव तरी कोठे आहे?"

नाव नाही, हे खरे. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतींपाशी थांबत नाही. हिंदू धर्मातील कोणत्याही देवदेवतेची उपासना ती वर्ज्य ठरविते. परंतु प्रश्न केवळ प्रतिज्ञेच्या अक्षराचा नाही, तिच्या आशयाचा आहे. तुमच्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या काय सांगण्यात आले? हेच की, मेलेले ढोर ओढणे तुमच्या कपाळी लिहिलेले आहे, पाणवठ्यापासून दूर उभे राहणे तुमच्या कपाळी लिहिलेले आहे. कपाळावरील ते लिखाण खोटे आहे, हे ओळखूनच तुम्ही धर्मांतर केले ना? मग आपल्याच पोटच्या गोळ्याच्या उशाशी तोच कागद, तीच लेखणी पुन्हा कशासाठी ठेवता? ज्या हाताने तुम्ही जातीचे विधिलिखित फाडले, त्याच हाताने मुलासाठी नवे विधिलिखित मागता, ही विसंगती तुम्हांस दिसत नाही काय?

ही केवळ तत्त्वाची गोष्ट असती तर एवढे निक्षून सांगण्याचे कारण नव्हते. परंतु कपाळावरचे लिखाण मानणारे घर बाळंतपणात माणसे गमावते. बाळंतीण दगावली की म्हणतात, "तिच्या नशिबी नव्हते." तिच्या नशिबी काय नव्हते, याची कोणी चौकशी करीत नाही. रक्तस्राव थांबविणारे औषध नव्हते, वेळेवर रक्त मिळाले नव्हते, वाढलेला रक्तदाब कोणी मोजला नव्हता, अडलेल्या बाळंतिणीला नेण्यास वाहन नव्हते, हातांची स्वच्छता नव्हती. बाळंतपणातील बहुसंख्य मृत्यू या कारणांनी होतात आणि त्यांतील बहुतेक टाळता येतात.

सरकारी नमुना नोंदणीचे आकडे पाहा. २००४-०६ या काळात भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता मृत्यू पावत. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला. या मधल्या काळात सटवाईचे हस्ताक्षर बदलले, असे समजावयाचे काय? त्याच २०१८-२० मध्ये केरळात हा आकडा १९, महाराष्ट्रात ३३ आणि आसामात १९५ होता. म्हणजे केरळची सटवाई दयाळू आणि आसामची निर्दय असे म्हणावे काय? नव्हे! जेथे दवाखाना, रस्ता, रक्तपेढी, शिकलेली स्त्री आणि प्रशिक्षित परिचारिका पोहोचली, तेथे माता वाचली. जेथे हे पोहोचले नाही, तेथे नशिबाचे नाव पुढे करण्यात आले.

आता विटाळाकडे वळू. बाळंतीण दहा दिवस अशुद्ध, तिचे अंथरूण वेगळे, तिचे भांडे वेगळे, तिचा कोपरा अंधारा! ज्यांना स्वतःला उभा जन्म विटाळ मानण्यात आले, त्यांनी आपल्या लेकीसुनांना दहा दिवसांची अस्पृश्यता लादावी, यापरते दुर्दैव कोणते? या विटाळाचा इतिहास तुमच्या वस्तीला ठाऊक असला पाहिजे. अनेक गावांत सुईणीचे काम मातंग वा महार स्त्रीकडे असे. एरवी जिची सावली नको, ती बाळंतपणाच्या वेळी चालत असे, कारण त्या वेळी सवर्ण घरातील स्त्रीही विटाळलेली असे. नाळ कापावयाची ती सुईणीने, रक्ताची लुगडी धुवावयाची ती सुईणीने. काम संपले की तिची पाठ वळताच घर गोमूत्राने शुद्ध होई. तिच्या पदरात पडे ते पसाभर धान्य आणि एखादे जुनेर. स्त्रीचा विटाळ आणि जातीचा विटाळ हे असे एकाच झाडाचे दोन फाटे आहेत. एक तोडून दुसऱ्याला पाणी घालता येत नाही.

खरी अशुद्धता कशात असते, हे शास्त्राने फार पूर्वी दाखवून दिले आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व त्यांचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने कितीतरी अधिक स्त्रिया मरत. १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने त्याचे कारण शोधले: शवविच्छेदन करून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागत होते. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शेकडा १८ च्या घरात असलेले मृत्यू दोन-तीन महिन्यांत शेकडा २ च्या आसपास आले. अशुद्धता बाळंतिणीच्या रक्तात नव्हती, प्रतिष्ठित डॉक्टरांच्या हातांत होती! हे ऐकणे त्या प्रतिष्ठितांना रुचले नाही, ही गोष्ट वेगळी. तेव्हा विटाळ पाळावयाचाच असेल तर न धुतलेल्या हाताचा पाळा, गंजलेल्या पात्याचा पाळा, धुरकट कोंदट खोलीचा पाळा.

विटाळाच्या याच समजुतीतून पहिले चिकाचे दूध पिळून टाकण्याची रीत पडली. ते दूध बाळाचे पहिले संरक्षण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बालके शेकडा ४१.८ इतकीच आढळली. रुग्णालयात जन्म होऊनही निम्म्याहून अधिक बालके पहिल्या तासात उपाशी राहतात, याचे उत्तर कोणत्या देवतेने द्यावयाचे?

कोणी म्हणेल, जुन्या बायकांचे सगळेच का टाकावे? सगळे टाका असे कोण म्हणतो? अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, हलक्या हाताचे तेल लावणे, चाळीस दिवसांची विश्रांती, ही माया आहे. ती राखा. भय तेवढे टाका. अंगारा बांधण्यात जी घटका जाते, तीच अनेकदा रक्तस्राव होत असलेल्या स्त्रीची अखेरची घटका ठरते.

भगवान बुद्धांची माता महामाया पुत्रजन्मानंतर सातव्या दिवशी निवर्तली आणि महाप्रजापती गौतमीने त्या बालकाला वाढविले. म्हणजे आपल्या धम्माच्या कथेचा आरंभच एका बाळंतिणीच्या मृत्यूने झाला आहे. बाबासाहेबांच्या घरी पाच अपत्ये झाली. त्यांतील चार बालवयातच गेली. त्यांतील राजरत्न १९२६ साली गेला. रमाबाईंनी गरिबीत काय सोसले, हे तुम्ही गीतांतून ऐकत आला आहात. पण बाबासाहेबांनी दैवाला दोष दिला नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा त्याला पाठिंबा देताना त्यांनी प्रतिपादिले की, प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. नशीब बदलावयाचे ते कायद्याने, हा त्यांचा मार्ग होता.

त्या मार्गावर आपण आज कोठे आहोत? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद आली. ही रजा कोणाला? दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेतील स्त्रीला. ऊस तोडणारी, विटा वाहणारी, चार घरची भांडी घासणारी आपली भगिनी तिच्यात कोठे आहे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती व स्तनदा मातेला किमान ६००० रुपये देण्याचे म्हटले. २०१७ च्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी दिले ५००० रुपये आणि पुढे दुसऱ्या अपत्यासाठी, तेही मुलगी झाली तरच, ६०००. उरलेली रक्कम जननी सुरक्षा योजनेतून भरून निघते, असे सांगण्यात येते. पण विटा वाहणाऱ्या स्त्रीची बुडालेली मजुरी कोणत्या योजनेतून भरून निघणार? तिने बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी डोक्यावर पाटी घेतली, तर तो दोष तिच्या कपाळाचा नव्हे, अपुऱ्या कायद्याचा आहे. हा कायदा पुरा करून घेणे हे आपल्या चळवळीचे काम आहे.

आणि जे कायद्याने मिळालेले आहे, ते तरी आपण मागतो काय? २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया झाली तरीही, मोफत आहे. औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि घरापासून नेण्या-आणण्याचे वाहनही मोफत आहे. २०१६ पासून दरमहा ९ तारखेस गर्भवतीची मोफत तपासणी होते. प्रसूतीच्या वेळी सोबतीला स्त्री नातेवाईक ठेवण्याची मुभाही त्याच वर्षी केंद्र सरकारने दिली. ही भीक नव्हे, हा हक्क आहे. कळा देणाऱ्या स्त्रीला कोणी अर्वाच्य बोलले, आडनाव विचारून खाट बदलली, तर मान खाली घालू नका, लेखी तक्रार करा. उलट बाजूही ध्यानात घ्या. वर सांगितलेल्या पाहणीत देशातील खाजगी रुग्णालयांतील प्रसूतींपैकी शेकडा ४७.४ शस्त्रक्रियेने झाल्या, सरकारी रुग्णालयांत शेकडा १४.३. जीव वाचविणारी शस्त्रक्रिया अवश्य करून घ्या, पण ती का करावी लागते, हे विचारण्यास लाजू नका. प्रश्न विचारणे हाच बुद्धाचा धम्म आहे.

पुढच्या काळाचीही एक गोष्ट सांगावयाची आहे. २०१८ साली केंद्र सरकारने प्रशिक्षित सुईणींची स्वतंत्र सेवा उभारण्याचे धोरण जाहीर केले. परिचारिकेला आणखी १८ महिन्यांचे शिक्षण देऊन सर्वसाधारण बाळंतपण तिच्या हाती सोपवावयाचे, असे ते धोरण आहे. आपल्या मुलींनी या शिक्षणाकडे वळावे. जी आजी पसाभर धान्यावर नाळ कापीत होती, तिची नात पदवी घेऊन, पगार घेऊन, ताठ मानेने प्रसूतिगृहात उभी राहील, तेव्हा त्या आजीचा खरा सन्मान होईल.

तात्पर्य, पुढच्या वेळी घरात मूल जन्मेल, तेव्हा पाचव्या रात्री कोरा कागद अवश्य घ्या. मात्र लेखणी स्वतःच्या हाती धरा. त्यावर आईचा रक्तदाब लिहा, बाळाचे वजन लिहा, लसीच्या तारखा लिहा. आशाताईंचे नाव आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहा. एकवीस दिवसांच्या आत जन्माची नोंद करून दाखला आणावयाचा आहे, हे लिहा. आणि घरातील कर्त्या पुरुषाने त्या रात्री ओसरीवर न बसता बाळंतिणीच्या उशाशी बसून हे लिहावे. म्हातारीलाही जवळ बसवा, तिलाही समजावून सांगा. तिने हे सारे भयापोटी केले, द्वेषाने नव्हे.

त्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत दिवा लावा, खिडकी उघडा. त्या दिवशी तुमच्या घराची दीक्षा पूर्ण झाली, असे समजा.