रेवडीवरची कुस्ती

कोल्हापूरच्या तालमीत ‘मेहनत’ म्हणजे जोर, बैठका, हौद्यातली माती खणणं आणि मग लढती. पहिलवान ‘मेहनत केली’ म्हणतो तेव्हा तो कष्टांची फुशारकी मारत नसतो. ‘जेवलो’ म्हणावं तसं म्हणतो. कष्ट इतके अंगवळणी पाडणारी ही तालीम बक्षिसाच्या बाबतीत मात्र मुळीच वैरागी नाही. गावच्या जत्रेत मैदान सुरू होतं ते चिल्ल्यापिल्ल्यांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांनी. (राजकारणाने अलीकडे हा शब्द फुकटेपणाला जोडून टाकला, फडात रेवडीसाठीही अंगाला माती लागते.) पुढे नारळ, रोख इनाम, आणि दिवस कलताना पहिल्या नंबरची कुस्ती. मुलांना चिकाटी शिकवायची तर बक्षीस लांबवा, असा सल्ला आपण सर्रास देतो. पण रेवडी तर हातोहात मिळते. म्हणजे प्रश्न आज की उद्या हा नसून, मिळालं ते कशाबद्दल हा आहे. मोबाइलवर बोट सरकवलं की मिळणारी गंमत आणि मूठभर रेवड्या दोन्ही तत्काळच. फरक एवढाच की पहिलीसाठी अंगठ्यापलीकडे काही झिजत नाही. रॉबर्ट आयझेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९९२ साली हेच सूत्र मांडलं: जास्त कष्टांना पुन्हा पुन्हा बक्षीस जोडलं गेलं की कष्टांचा कडूपणाच कमी होतो, आणि ही सवय दुसऱ्या कामांतही उतरते.

यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रांची आवड असलेल्या मुलांना ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र’ असं आधीच कबूल केलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत हीच मुलं इतरांपेक्षा निम्म्यानेच रंगांकडे वळली. ध्यानीमनी नसताना प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची आवड मात्र टिकली. म्हणजे बक्षीस गोडी मारतं का? मारतं, पण ते प्रशस्तिपत्र कागदावर रेघोट्या ओढल्या तरी मिळणार होतं. फडात तसं चालत नाही. तिथे जाणती माणसं जोड लावतात, वजन आणि ताकद बघून; फार दुबळ्याला चीत करण्यात मान नाही. आणि नुरा कुस्ती दिसली की मैदान हुर्यो उडवतं, मग इनाम कितीही मोठं असो. नुसत्या हजेरीला चॉकलेट देणाऱ्या पालकांनी या हुर्योचा अर्थ समजून घ्यायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. रेवडी हातोहात मिळते, पण मोठ्या इनामासाठी थांबावं लागतं; ही वाट पाहणं सगळ्यांना परवडतं का? समोरचा एक मार्शमॅलो लगेच न खाता नंतरच्या दोनसाठी थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, हा एका प्रयोगाचा निष्कर्ष फार गाजला. २०१८ साली वॉट्स आणि सहकाऱ्यांनी मोठ्या नमुन्यावर तो तपासला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरताच संबंध बराच फिका पडला. पहिलवानाच्या दूध-बदामाच्या खुराकाचे पैसे वर्षानुवर्षे कुणीतरी भरत असतो. शाहू महाराजांनी मल्लांना पोसलं, १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, तेव्हा त्यांनी एका अर्थी वाट पाहण्याचाच खर्च उचलला. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेही कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. मॅटची सवय नसताना ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिलं, कांस्य. १९८४ साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार आला तो २००० सालचा, मरणोत्तर. रेवडीसाठी लढणाऱ्या पोराला इतकं थांबायला कुठल्याच वस्तादाने कधी सांगितलं नसेल.