‘नको’ला हिंदीत काय म्हणावे?

मराठीत ‘नको’ हा दोन अक्षरांचा मोठा गुणी शब्द आहे. त्यात नकार आहे, पण तुसडेपणा नाही. ‘चहा टाकू का?’ ‘नको.’ संपले! विचारणाऱ्याला राग येत नाही, सांगणाऱ्याला ओशाळल्यासारखे होत नाही. शिवाय हा शब्द वाकवावा तसा वाकतो. पाहुणा नुसते ‘नको’ म्हणाला तर पुन्हा एकदा विचारावे, ‘नको, नको, कशाला उगीच!’ म्हणाला तर आधण ठेवावे आणि ‘नकोच’ म्हणाला तर खरोखरच ठेवू नये, हे आपल्याकडच्या गृहिणीला कुणी शिकवावे लागत नाही. पाहुण्याच्या ‘नको’मधले ‘हवे’ तिला स्वयंपाकघरात बसून ऐकू येते.

हा शब्द दक्षिणेकडे पुष्कळ लांबवर गेला. हैदराबादच्या दखनी बोलीत तो ‘नक्को’ होऊन आजही सुखाने नांदतो आहे. उत्तरेकडे मात्र त्याने पाऊल टाकले नाही. म्हणून गाडीने इटारसी मागे टाकली, की मराठी माणसाची पंचाईत सुरू होते. दिल्लीला बदली झालेला नोकरदार, लखनौला मुलगी दिलेले आईबाप, काशीला निघालेली आजी, सगळ्यांची एकच अडचण. आणि आता तर तेवढे लांब जायचीही गरज उरलेली नाही. आपल्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कानपूरचे बिऱ्हाड येते, दिवाळीत ते आपल्याला अगत्याने बोलावते आणि आपण नीट टेकतो न टेकतो तोच घरची बाई विचारते, ‘क्या लेंगे? चाय, कॉफ़ी, शरबत?’ त्याआधी आपण तीन घरी तीन कप रिचवलेले असतात. आता बोला!

वर्ध्याला १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. तिच्या परीक्षांना आपल्याकडची मुले पिढ्यान् पिढ्या बसली. ‘कोविद’ झालेले काका आणि ‘रत्न’ झालेल्या मावश्या पुष्कळ घरांत सापडतील. पण पुढे आलेला कप मागे कसा सारावा, यावर दहा गुणांचा प्रश्न कुणाला पडल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे ऐन वेळी ज्याला जे सुचेल ते तो बोलतो.

मुंबईकराला सुचते, ‘मेरे को नहीं मँगता.’ हे वाक्य भेंडीबाजारात शोभते, कानपूरकरांच्या दिवाणखान्यात नव्हे. व्याकरण जाणणारा म्हणतो, ‘नहीं चाहिए.’ हे शुद्ध आहे, पण गाडीच्या खिडकीशी आलेल्या फेरीवाल्याला आपण हेच सांगतो. यजमानीणबाईंना कंगवे विकायचे नसतात. तिसरा मराठीतले वाक्य उचलून जसेच्या तसे हिंदीत ठेवतो, ‘मुझे चाय से त्रास होता है.’ मराठीत त्रास म्हणजे छातीत थोडी जळजळ. हिंदीत त्रास म्हणजे भय, यातना. एवढासा चहा या धिप्पाड गृहस्थांचा छळ तरी कसा करतो, असा प्रश्न त्या माउलीला पडला तर तिची काय चूक?

पण खरी फजिती होते ती ‘पुरे’ या शब्दाने. आपल्या तोंडून तो सवयीने निसटतो. यजमान कपात लस्सी ओतत असतात, आपण घाईघाईने म्हणतो, ‘पुरे, पुरे!’ उत्तरेच्या कानाला त्यात ‘पूरा, पूरा’ ऐकू येते. म्हणजे काठोकाठ! पाहुण्याने इतक्या मोकळेपणाने मागितल्याचे पाहून यजमानांचा चेहरा फुलतो आणि अर्ध्यावर थांबलेली धार पुन्हा सुरू होते.

त्यात लिंगांचा घोळ आहेच. आपला चहा पुल्लिंगी, त्यांची चाय स्त्रीलिंगी. आपले दूध नपुंसकलिंगी, आणि हिंदीत तर नपुंसकलिंग नाहीच. म्हणून ‘आत्ताच चहा घेतला’ हे सांगताना ‘अभी चाय पिया’ म्हणून चालत नाही, ‘अभी चाय पी है’ म्हणावे लागते. दूध मात्र ‘पिया’, लस्सी ‘पी’, शरबत पुन्हा ‘पिया’. एवढे ध्यानात राहत नसेल त्याच्यासाठी एक पळवाट आहे. ‘पीकर आ रहा हूँ’ म्हणावे, बाईंनी ‘पीकर आ रही हूँ’ म्हणावे. इथे क्रियापद पिणाऱ्याच्या मागे जाते, पेयाच्या नव्हे. आणि आपले लिंग तरी आपल्याला पक्के ठाऊक असते!

परंतु हेही उत्तर जपून द्यावे. ‘अभी पीकर आ रहा हूँ’ म्हटल्यावर यजमान हसत हसत विचारतात, ‘वहाँ पी ली, यहाँ नहीं पिएँगे?’ शर्माजींकडचा घेतलात, आमच्याकडचा नको? आता या प्रश्नाला कोविदांपाशीही उत्तर नाही.

काळाचाही एक बारकावा आहे. ‘मैं चाय नहीं पीता’ म्हणजे मी चहा कधीच पीत नाही, तो माझा नियम आहे. ‘अभी नहीं पिऊँगा’ म्हणजे आता नको, एवढेच. पुष्कळजण दुसरे म्हणायच्या ऐवजी पहिले म्हणून बसतात आणि चार दिवसांनी त्याच यजमानांना कोपऱ्यावरच्या टपरीवर कटिंग पिताना दिसतात. चहा नाकारल्याचे दुःख माणूस विसरतो, खोटे सांगितल्याचे विसरत नाही.

मग म्हणावे तरी काय? हिंदीत ‘नको’ नाही हे खरे, पण नकार गोड करणारे लहान लहान शब्द तिच्यापाशी पुष्कळ आहेत. पहिला ‘जी’. नुसते ‘नहीं’ म्हणजे दार लावणे. ‘जी नहीं’ म्हणजे दाराशी येऊन, हात जोडून सांगणे. दुसरा ‘बस’. तो कप भरल्यावर नव्हे, अर्ध्यावर म्हणावा आणि म्हणताना तळहात कपावर आडवा धरावा. तिसरा ‘अभी’ किंवा ‘आज’. ‘आज नहीं’ या दोन शब्दांत उद्याचे आमंत्रण आपण आधीच स्वीकारलेले असते. चौथा ‘उधार’. ‘भाभीजी, आपकी चाय उधार रही’ असे म्हटले, की भाभीजी हसतात. कारण उधारी ठेवणारा माणूस पुन्हा येणार, हे जगजाहीर आहे.

एक वाक्य मात्र ओळखून असावे. ‘आप क्यों तकलीफ़ कर रही हैं?’ हा नकार नाही. तो ‘कशाला उगीच!’चा हिंदी भाऊ आहे. ज्याला खरोखर नको असेल त्याने ते उच्चारू नये, नाहीतर चहाबरोबर समोसेही येतात.

आणि ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्यासाठी तर हा सारा प्रश्न थट्टेचा नाहीच. दिवाळीत पाच घरांत पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, हा हिशेब शेवटी प्रकृतीला चुकवावा लागतो. ‘मुझे शुगर है’ असे सांगितले तर उत्तर तयार असते, ‘तो फीकी बना देते हैं!’ फीकी म्हणजे बिनसाखरेची. ती चालत असेल तर उत्तमच. पण चहाच नको असेल तर साखरेचे नाव काढू नये. त्यासाठी हिंदीत एक फार चांगला शब्द आहे, ‘परहेज़’. आपण ज्याला पथ्य म्हणतो तेच. ‘जी, आजकल चाय का परहेज़ है.’ यात खोटे काही नाही, रोगाची हकीकत नाही, आणि ‘थोडीशी घ्या’ म्हणायलाही फारशी जागा नाही. पथ्य मोडायला लावणे हे कोणत्याच घरात शिष्टाचारात बसत नाही.

आता जरा अवघड पेयाकडे वळू. दिल्लीच्या एखाद्या मेजवानीत हलक्या आवाजात प्रश्न येतो, ‘आप लेते हैं?’ काय, ते सांगावे लागत नाही. मराठीत ‘घेता का?’ आणि हिंदीत ‘लेते हैं?’ या दोन्ही क्रियापदांना इथे कर्माची गरज पडत नाही. नकार दिला की आग्रह सुरू होतो. ‘थोड़ी-सी’, ‘हमारी ख़ातिर’, ‘साथ देने के लिए’. इथे कारणे सांगू लागला तो माणूस फसला. औषध चालू आहे म्हणावे, तर पुढच्या महिन्यात औषध संपले का म्हणून विचारणा होते. वार आहे म्हणावे, तर उद्याचा वार काढला जातो. प्रत्येक कारण म्हणजे आग्रह करणाऱ्याला उघडून दिलेली खिडकी. दुसरीकडे, ‘मी असल्या वस्तूंना शिवत नाही’ असे बाणेदारपणे सांगावे, तर समोर पेला घेऊन बसलेल्या दहा माणसांच्या मुस्काटात मारल्यासारखे होते. या दोन्हींच्या मधून जाणारे एक वाक्य हिंदीत आहे, ‘जी, मुझे इसका शौक़ नहीं.’ शौक़ नाही, म्हणजे आवड नाही. यात उपदेश नाही, निषेध नाही, कारणही नाही. आणि आवडीवर वाद घालता येत नाही. पाठोपाठ आपणच म्हणावे, ‘मेरे लिए नींबू-पानी मँगवा दीजिए.’ रिकाम्या हाताला आग्रह चिकटतो, भरलेल्या हाताला नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी म्हणेल. एका कपाचा प्रश्न, घेतला काय नि नाही काय! परंतु आपल्या देशात पेय नाकारणे ही कधीच नुसती तहानेची गोष्ट नव्हती. हिंदीत वाळीत टाकण्याला ‘हुक्का-पानी बंद करना’ म्हणतात. ज्याच्या हातचे पाणी आपण पीत नाही, त्याला आपण माणसांत धरत नाही, हे त्या शब्दांतच गोठून बसले आहे. इंग्रजांच्या अमदानीत रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पानी’ आणि ‘मुसलमान पानी’ अशा वेगवेगळ्या आरोळ्या ऐकू येत. आपल्या पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून केवढे रण माजले! टिळक-रानड्यांसारख्या माणसांवर ग्रामण्य आले आणि प्रायश्चित्तापर्यंत पाळी गेली. आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी डॉक्टर आंबेडकरांना आणि त्यांच्या हजारो अनुयायांना सत्याग्रह करावा लागला. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली. पण कलमाने मनातली शंका पुसता येत नाही.

म्हणून एखाद्या घरात आपण सहजपणे ‘नहीं, कुछ नहीं’ म्हणतो, तेव्हा समोरच्या माणसाने ते कसे ऐकले असेल याची कल्पना आपल्याला नेहमी येतेच असे नाही. आपल्याला पोटाची काळजी असते. त्याच्या मनात येते, हे आमच्या घरचे का घेत नाहीत? ज्याच्या बापाने किंवा आजाने असला नकार सोसलेला असतो, त्याला तो नकार फार लवकर ओळखू येतो, नसला तरी ओळखू येतो! नकाराला इतके मऊ शब्द लागतात ते याचसाठी. आपल्याला चहा नाकारायचा असतो, माणूस नव्हे. आणि हे त्याला कळावे ही जबाबदारी नाकारणाऱ्याची आहे.

यावर उत्तरेतल्या रीतीनेच एक सोपा तोडगा देऊन ठेवला आहे. तिकडे चहाचे विचारतात, पण पाणी न विचारताच आणतात. जोडीला बहुधा काहीतरी गोड असते, कधी गूळ, कधी पेठा, कधी बर्फीचा तुकडा. आपल्या खेड्यांतल्या गूळपाण्याची आठवण यावी, असाच तो प्रकार आहे. ते पाणी कधी नाकारू नये. निर्जळी उपास असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ‘आज निर्जला है’ म्हटले की यजमान स्वतःच पेला मागे घेतात. एरवी पथ्य असेल तर गोड बाजूला ठेवावे, पण पेला उचलावा, दोन घोट तरी घ्यावेत आणि मग खुशाल म्हणावे, ‘भाभीजी, पानी पी लिया, जी भर गया. चाय का आज परहेज़ है.’

पाण्याने त्या घराचे आतिथ्य स्वीकारले गेले, परहेज़ने चहा टळला आणि कुणाचे मन दुखावले नाही. आपला ‘नको’ हे सारे एका दमात करतो, हिंदीत त्याला तीन वाक्ये लागतात, एवढाच काय तो फरक. तेव्हा मंडळी, यंदाच्या दिवाळीत वरच्या मजल्यावर जाल तेव्हा ही तीन वाक्ये बरोबर न्या. आणि घरी परतल्यावर, वरच्या मजल्यावरची ती मंडळी तुमच्याकडे फराळाला येऊन ‘बस, बस’ म्हणू लागली, तर चकलीचा डबा तेवढ्यावरच बंद करू नका. पहिले ‘बस’ हे बहुतेक वेळा त्यांचे ‘कशाला उगीच!’ असते.