हंगाम चार महिन्यांचा, सराव बारा महिन्यांचा



आपण सुरतकर मराठी माणसं ऋतू जिभेनं ओळखतो. पोंक आला की थंडी, रस-पुरी सुरू झाली की उन्हाळा. थंडीत तापीवर आणि गवियरच्या तळ्यावर पाहुणी पाखरं येतात. मग एका रविवारी आपण पोराबाळांना घेऊन जातो, सीगलना गाठिया टाकतो, चार फोटो काढतो आणि घरी येतो. पुढे वर्षभर त्या पाण्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मला आज त्या उरलेल्या महिन्यांबद्दल लिहायचंय. त्यासाठी उदाहरण जरा विचित्र घेतोय, जुन्या काळच्या बदक-शिकाऱ्यांचं.

आमच्या वडिलांच्या ओळखीत एक काका होते. परवान्याची दुनळी बंदूक होती त्यांच्याकडे. थंडीत दोन-चार पहाटे तळ्यावर जायचे, शिकार तेवढीच. पण सराव बारा महिने. पावसाळ्यात पाखरांच्या विणीचा काळ, तेव्हा शिकार बंद. त्या दिवसांत ते रोज संध्याकाळी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना, हे दोनदा बघायचे. मग भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेषेवरून बंदुकीचं तोंड सावकाश फिरवायचे, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. दोन्ही डोळे उघडे. पाय जमिनीला घट्ट, वळायचं ते कमरेतून. असं तीस-चाळीस वेळा. काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, जळमटं काढताय का?

त्यामागे हिशेब होता. उडतं बदक ताशी ६०-७० किलोमीटर वेगानं जातं. छर्ऱ्यांना ३० मीटर अंतर कापायला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो. तेवढ्यात बदक पाच-सहा फूट पुढे सरकलेलं असतं. म्हणजे नेम पाखरावर धरायचा नाही, पाखराच्या पुढे धरायचा, आणि चाप ओढल्यावरही हात थांबवायचा नाही. हे नुसतं डोक्याला कळून भागत नाही, खांद्याला कळावं लागतं. आणि नेम अर्धवट लागला तर? बदक जखमी होऊन लव्हाळ्यात शिरतं आणि दोन दिवस तडफडून मरतं. सराव न करता तळ्यावर जाणं ही पाखराशी बेइमानी आहे, असं काकांचं मत होतं.

शिवाय नुसत्या आकारावरून पाखरू ओळखावं लागायचं. थापट्याची रुंद, चमच्यासारखी चोच, तलवार बदकाची टोकदार शेपटी, अडईची शीळ. पहाटेच्या अंधुक उजेडात रंग दिसतच नाही. त्यातून थंडीच्या सुरुवातीला नर बदकांचे झगमगीत रंग गेलेले असतात, नर-मादी दोघंही तपकिरी दिसतात. तेव्हा उडण्याची ढब हीच ओळख.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची शिकारही संपली. चांगलंच झालं. कुणी म्हणेल, मग शिकाऱ्यांचे गोडवे कशाला गाता? गोडवे नाहीत हो. १२ नोव्हेंबर १९३८ ला भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात एका दिवसात ४,२७३ पाखरं मारली गेली. तिथे कसब भरपूर होतं, मर्यादा नव्हती. ते परत यावं असं कुणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही.

माझं म्हणणं इतकंच, की शिकार गेली तशी तिच्यासोबत वर्षभराच्या सरावाची सवयही गेली, आणि ती जायला नको होती. बंद हंगामातल्या सरावाला स्वतःची किंमत असते. अमेरिकेत काही शिकाऱ्यांनी १९२० च्या आसपास हंगाम नसताना हात चालू राहावा म्हणून मातीच्या उडत्या थाळ्यांवर नेम धरायचा खेळ काढला. तोच स्कीट. १९६८ साली तो ऑलिंपिकमध्ये आला. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरूका यांचं मिश्र स्कीटमधलं कांस्य एका गुणानं हुकलं. पाखरू कधीच बाजूला झालं, सराव उरला आणि मोठा झाला. ज्या मुलांना बंदुकीचीच ओढ आहे, त्यांनी रीतसर परवाना आणि प्रशिक्षकासह रेंजवर जावं.

आपल्यासारख्या बाकीच्यांसाठी त्या सरावाचा खरा वारसा आहे पाखरं मोजण्याचा. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, आपल्याकडे १९८७ पासून. तिला हौशी माणसं लागतात. पण जो वर्षातून एकदाच दुर्बीण हातात घेतो, त्याला तीनशेचा थवा हजाराचा वाटतो आणि हजाराचा तीनशेचा. शिकाऱ्याचा चुकलेला नेम एक पाखरू जखमी करतो. चुकलेली मोजणी अख्ख्या तळ्याला भोवते. आपलं शहर वाढतं तशी तलावडी बुजतात. एखादं पाणी वाचवायला अर्ज करायचा, तर पहिला प्रश्न येतो, इथे किती पाखरं येतात? पाच-दहा वर्षांचे आकडे नसले की आपण नुसते हळवे लोक ठरतो.

आकड्यांची ताकद बघायची असेल तर डभोईजवळच्या वढवाणा तळ्याकडे बघा. आपल्या सयाजीराव महाराजांच्या राज्यात, १९१० च्या सुमारास, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं हे तळं. २०२१ मध्ये ते रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. त्या यादीच्या निकषांत नियमित २०,००० पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येचा १ टक्का, अशा अटी आहेत. म्हणजे कुणीतरी थंडीत पहाटे उठून, हात गारठलेले असताना, पाखरं मोजलेली असतात तेव्हा अशा अटींना उत्तर देता येतं.

मग सराव कसा करायचा? घरातच करा. मूठभर हरभरा डाळ ताटात पसरा, दोन सेकंद बघा, झाका, आकडा बोला, मग मोजा. नातवंडांना हा खेळ फार आवडतो आणि पंधरा दिवसांत त्यांचा अंदाज आपल्यापेक्षा पक्का होतो. गच्चीवर गेलात की कबुतरांचा थवा आधी अंदाजानं मोजा, मग फोटो काढून त्यावर मोजा. पावसाळ्यात अडई आणि हळदीकुंकू बदक इथेच असतात, त्यांची उडण्याची ढब तेव्हाच डोळ्यांत बसवा. ऑगस्टमध्ये भोरड्यांचे थवे यायला लागतात, संध्याकाळी त्यांच्यावर हात साफ करा. वहीत तारीख, वेळ, जागा आणि आकडा लिहा. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. शून्यही आकडाच आहे.

आणि हो, गाठिया घरी खा. तळलेलं, मीठ लावलेलं बेसन हे पाखराचं अन्न नाही.

उत्तरायणासाठी आपली पोरं महिनाभर आधीपासून पेच लावायचा सराव करतात, त्यांना कुणी सांगावं लागत नाही. लिंबायत-उधन्यापासून अडाजणपर्यंत आपली इतकी घरं आहेत. प्रत्येक भागातल्या एका घरानं जवळचं एक पाणी धरलं, महिन्यातून एका रविवारी अर्धा तास दिला, तरी जानेवारीत आपल्याकडे सुरतेच्या पाण्याचा खरा हिशेब असेल. कोण कुठलं तळं घेतंय ते खाली लिहा. गवियर मी घेतलंय.